दावं तू आणणार होतीस

आक्का, गाडी घेतली.

जुनीच घेतली. आता तू म्हणशील, शेवटी आपलंच खरं केलंस. तसं नाही गं. कसं झालं तेच सांगायला बसलो आहे. तुला जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. रविवारी सकाळी हात अजून फोनकडे जातो. तू ‘जेवलास काय, बरा हाईस काय’ असलं काही न विचारता थेट विचारायचीस, “आज कुठली बघायची?”

भेटायला येणाऱ्या लोकांना मी ठरलेलं सांगतो. झोपेतच गेली, त्रास झाला नाही, वय तसं फार नव्हतं. लोक मान हलवतात आणि चहा घेऊन जातात. तुझ्याबद्दल मला जे सांगायचं असतं ते यातलं काहीच नसतं. मला सांगायचं असतं, की माझी बहीण गाडीच्या मागच्या सीटवर बसून दार आतून कसं ओढायची. पण असं एकदम कुणाला कसं सांगायचं?

सुरुवात कडोलीपासून झाली. आपण दोघं दरवर्षी कडोलीच्या साहित्य संमेलनाला जायचो. तू निपाणीहून आदल्या दिवशी बेळगावला माझ्याकडे यायचीस, सकाळी आपण बसनं निघायचो आणि मंडपात मागं, खांबाला टेकता येईल अशी जागा धरायचो. परिसंवाद चालू झाला की तुला डुलकी लागायची. कथाकथनाला मात्र कुणी न उठवता जाग यायची. मी वही काढून काही टिपून घ्यायला लागलो की तू कोपरानं ढोसायचीस. “ऐक की रं आधी. परीक्षा हाय काय?”

गेल्या वर्षी निपाणीच्या स्टँडवर तुला बसची पहिली पायरी चढता आली नाही. गुडघ्यानं दगा दिला. मागच्या माणसांनी हात देऊ केला, तर तू बाजूला झालीस, त्यांना वर जाऊ दिलंस आणि रिक्षानं घरी परत गेलीस. फोनवर मला एवढंच म्हणालीस, “यंदा तू ऐकून ये आनि मला सांग.” मी एकटा गेलो. परत येऊन तुला सांगितलंही. पण कथाकथन दुसऱ्याकडून ऐकण्यात काय मजा? मी सांगत होतो आणि तू नुसतं व्हय व्हय करत होतीस. त्याच फोनवर आपलं ठरलं, की पुढच्या संमेलनाच्या आत गाडी घ्यायची. छोटी, ॲव्हरेज चांगलं देणारी, सीट गुडघ्याच्या उंचीला येणारी. निपाणी, बेळगाव, कडोली एवढं केलं की बास.

पन्नाशी ओलांडल्यावर मी गाडी शिकायला गेलो. मी म्हणजे कॉलेजचा ग्रंथपाल. आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी दर चौकात माझ्या हातून गाडी बंद पडली असं मी तुला रडकुंडीला येऊन सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, “लई पुस्तकं वाचलास, बाळू. आता क्लच वाच.” तुझ्या भावजयीनं, नंदानं, ते वाक्य घरात इतके दिवस वापरलं की लायसन मिळालं तेव्हा त्यातूनच सुटका झाल्यासारखं मला वाटलं.

आणि मग आपला वाद सुरू झाला. नवी का जुनी.

मला जुनी हवी होती. कारण सरळ होतं. माझ्या कपाटातली निम्मीअर्धी पुस्तकं आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. पहिल्या पानावर अनोळखी नाव असतं, मधेच बसचं तिकीट निघतं, एखाद्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिल ओढलेली असते. असं पुस्तक हातात आलं की घरात एक माणूस जास्तीचं आल्यासारखं मला वाटतं. गाडीचंही तसंच असावं, असं माझं म्हणणं. कुणीतरी चालवून, सांभाळून, तिच्या खोडी जाणून मग आपल्याला द्यावी. तू हे सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “पुस्तक येगळं आनि शीट येगळी. कुणाच्या घामावर बसायचं रं?”

पण खरं कारण तू शोरूममध्ये सांगितलंस. बेळगावातल्या त्या काचेच्या इमारतीत आपण गेलो, तिथली मुलगी मराठीत सुरू करायची आणि कन्नडमध्ये संपवायची. तूही तुझ्या निपाणीच्या बाजारातल्या कन्नडमध्ये तिला उत्तरं दिलीस. तिनं लाडानं तुला अज्जी म्हटलं, तेव्हापासून तुला त्या गाडीचं छत बुटकं वाटायला लागलं. तरी तू मागच्या सीटवर बसलीस. सीटवर अजून प्लॅस्टिक होतं. ते काढू का असं तिनं विचारलं, तर तू जोरात नको म्हणालीस. त्या प्लॅस्टिकवर हात फिरवत, माझ्याकडं न बघता सांगितलंस, की शाळेत तुला चुलत बहिणीची पुस्तकं मिळायची आणि तिनं आधीच सगळी चित्रं रंगवून ठेवलेली असायची. “एक चित्र न्हाय ठेवलं बाईनं माझ्यासाठी. झाडंसुद्धा.”

आक्का, तीच पुस्तकं पुढं माझ्याकडं आली. मी तर रंगवलेल्या चित्रांकडं कधी बघितलंच नाही, मी समासातल्या तुझ्या खुणा बघायचो. अवघड गणितापाशी तू बारीक चांदणी काढायचीस. दुसऱ्याच्या हातातून आलेलं पुस्तक मला आवडतं ते त्या चांदण्यांमुळे. म्हणजे मी जुन्याचा कैवारी झालो तोही तुझ्यामुळे, आणि तू नव्यासाठी हट्ट धरलास तो त्याच पुस्तकांमुळे. हे तिथल्या तिथं तुला सांगायला हवं होतं. ती मुलगी गाडीतल्या पडद्यावर बोट सरकवून गाणी कशी लावायची ते दाखवत होती, आणि सांगायचं राहिलं.

त्यानंतर कितीतरी रविवार मी तुला न्यायला निपाणीला यायचो, तू माझ्या खांद्यावर भार टाकून बस चढायचीस, आणि आपण गाड्या बघत हिंडायचो. तुझी पद्धत ठरलेली होती. तू मागं बसायचीस, तेही ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला. पिशवी मांडीवर घ्यायचीस आणि दार आतून स्वतः ओढायचीस. एकदा ओढून लागलं तर ठीक. दुसऱ्यांदा ओढायला लागलं की तू उतरायचीस आणि तो विषय संपायचा. पुढं बैस, पाय मोकळे राहतील, असं मी कितीदा सांगितलं. तू ऐकायची नाहीस. मी इंटरनेटवर वाचून गेलेला असायचो. टायरची झीज बघ, बॉनेटच्या आत गंज बघ, सर्व्हिसिंग कुठं झालंय विचार. मी वाकून बघत असायचो आणि तू मालकाला एकच प्रश्न विचारायचीस, “का इकतासा?”

कोल्हापुरात एक चांगली निघाली होती. दारही एका ओढीत लागलं. मी तयार झालो होतो. पण तू एजंटला विचारलंस, हा महाराष्ट्राचा नंबर कर्नाटकात करून घ्यायला काय करावं लागतं. तो ना हरकत, टॅक्स, तपासणी असं एकेक सांगत गेला. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, “आमचा निम्मा जन्म हिकडं का तिकडं ह्यातच गेलाय. गाडीचा तरी नको.” सगळ्यांत मोठ्यानं तो एजंटच हसला. त्यानं आपल्याला चहाही पाजला.

निपाणीतल्या त्या करड्या गाडीबद्दल मात्र मी तुला कधी विचारलं नाही. तंबाखूच्या व्यापाऱ्याची गाडी होती. दार उघडताच वास आला, कितीही धुतली तरी जाणार नाही असा. मला शिंक आली. तू मात्र नेहमीसारखी मागं जाऊन बसलीस. दार ओढलंस, ते एका ओढीत लागलं. मी बाहेर मालकाशी बोलत राहिलो, बोलणं संपलं, तरी तू उतरली नव्हतीस. काचेतून दिसत होतीस, पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले. मग उतरलीस आणि म्हणालीस, “नको. वास हाय.” दाजी जन्मभर तंबाखूच्या वखारीत कारकून होते. संध्याकाळी ते उंबऱ्यात आले की त्यांच्या आधी हाच वास घरात यायचा. मी तेव्हा काही बोललो नाही. आता वाटतं, न बोललो तेच बरं केलं. ती तुमची दोघांची गोष्ट होती.

मग बेळगावजवळची कंग्राळी.

तिथली गाडी गोठ्यात उभी होती. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला कडब्याची पेंढी, आणि मधे जुनी चादर पांघरलेली छोटी पांढरी गाडी. घरचा मुलगा मच्छ्याला कारखान्यात नोकरीला, पहाटे शेत बघून मग ड्युटीवर जाणारा. त्यानं मोठी गाडी घेतलेली होती. आपल्याशी बोलायला त्याची आई होती. मी तिला मावशी म्हणालो, ती मला सर म्हणाली आणि तुला लगेच आक्का. मी टायरपाशी वाकलो तेवढ्यात तुझा प्रश्न आला.

“का इकतासा?”

“नातवंडं झाली, आक्का. मावंनात आता.”

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, “माणसं वाढली म्हणून इकत्यात. हे बरं कारण हाय.” आणि मागं जाऊन बसलीस. दार एका ओढीत लागलं. आत कडब्याचा वास होता आणि त्याला तू काही नाव ठेवलं नाहीस.

निघताना मावशीनं ते दाव्याचं सांगितलं. त्यांच्या घरात जनावर विकलं तर त्याचं दावं देत नाहीत. गाय-म्हैस जाते, तिचा दोर घरात राहतो, नाहीतर दोराबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि त्याला बांधून न्यायचं. गाडी गोठ्यात वाढली म्हणून तिलाही तोच नियम. किल्ली मिळेल, पण ज्यात ती अडकवलेली आहे ते जुडगं मिळणार नाही. “मोकळ्या हातात किल्ली देत न्हाय आमी. दावं घिऊन या.”

मला ती थट्टा वाटली, मी हसलो. तू हसली नाहीस. “आणू की,” म्हणालीस. “दावं माझ्याकडं लागलं.”

मला वाटलं, ठरलं. पण बसथांब्यावर आल्यावर तू म्हणालीस, बरी आहे, तरी नवी एकदा परत बघू. माझं डोकं फिरलं. मग त्या बाईला दावं आणू कशाला म्हणालीस, असं मी विचारलं.

“दावं आणू म्हटलं. गाडी न्यायची कुठं म्हटलं?”

त्यावर आपण बसमध्ये शेवटपर्यंत बोललो नाही. उतरताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, गुडघ्यासाठी म्हणून, आणि नेहमीपेक्षा जास्त भार टाकलास. दिवाळी झाली की ठरवू, असं फोनवर झालं. दिवाळी झाली.

तुझं सगळं आटोपल्यावर तुझा रोहित पुण्याला परत निघाला, तेव्हा निपाणीच्या घराची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. मधून मधून जाऊन खिडक्या उघडा म्हणाला. तूच कमरेला खोचायचीस ती किल्ली. हिरव्या इरकल लुगड्याचा काठ फाडून, पिळून केलेल्या दोरीला बांधलेली. ती मी पँटच्या खिशात ठेवली आणि तिथंच राहिली. जाताना रोहित म्हणाला, “मामा, आता गाडी कशाला घेताय? आईसाठीच घेणार होता ना?” पोरगा चुकीचं बोलत नव्हता. मी हो म्हणालो. रविवार रिकामे गेले. मी पुस्तकांवरची धूळ पुसली, जी पुसलेलीच होती ती पुन्हा पुसली.

मग एका दुपारी ग्रंथालयात फोन आला.

“सर, मी कंग्राळीची. आक्का बऱ्या हैत न्हवं? न्हाय, दुसरी गिऱ्हाइकं येऊन गेली. मी न्हाय म्हटलं. एक बाई दावं आणतो म्हणून गेल्यात, त्यांचीच वाट बघालोय म्हटलं.”

मी सांगितलं. पलीकडं म्हशीचा हंबरडा ऐकू आला, मग कुणीतरी तिला गप्प केलं. आता नेहमीचं सांत्वन येईल म्हणून मी तयार झालो. मावशीनं विचारलं, “मग तुमी काय करतासा, सर?”

आक्का, इतके दिवस हे कुणी मला विचारलंच नव्हतं. सगळे कसं झालं ते विचारत होते. आणि तिकडं कंग्राळीत एक बाई, तुझ्या एका शब्दावर, आलेली गिऱ्हाइकं परत पाठवत होती. आपण दोघं बसमध्ये तोंड फिरवून बसलो होतो तेव्हाही तिचा सौदा पक्काच होता. मी म्हणालो, “रविवारी येतो.” फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तुझा शब्द राखायचा हे तर खरंच, पण मला स्वतःलाही जायचं आहे. मला कडोलीला जायचं आहे. मला ती गाडी आवडली होती.

रविवारी नंदाही आली. मी जय्यत तयारीनं गेलो होतो. आधारच्या प्रती, फोटो, विम्याचं, नाव बदलायचं, सगळं फाइलमध्ये क्रमानं लावलेलं. मावशीनं बॉनेटला हळदीकुंकू लावलं आणि वर भाकरीचा तुकडा आणि गूळ ठेवला. मुलगा कानकोंडा झाला. “आई, पेंट खराब हुतंय.” तिनं ऐकलं नाही. “हून दे. इतकी वर्षं राबवलीस, एक बोट हळद लावू न्हाय व्हय?” मग तिनं जुडग्यातून किल्ली काढली, जुडगं कनवटीला खोचलं, आणि मोकळी किल्ली पुढं धरून म्हणाली, “दावं?”

मी विसरलो होतो. फाइल उघडून उभा राहिलो, जसं काही दावं तिच्यात सापडणार होतं. मावशीचा हात तसाच थांबला. रागावली नाही, पण मागंही घेईना आणि पुढंही करीना. मुलगा म्हणाला, जाऊ दे की आई. ती म्हणाली, जाऊ दे कसं? मोकळं जनावर घरातून जात नाही. मी गावात दुकान कुठं आहे ते विचारायला लागलो, नवा दोर आणतो म्हणालो.

नंदा हळूच म्हणाली, “अहो, वन्संची किल्ली खिशात आहे ना?”

मी बाहेर काढली. मावशीनं ती माझ्या हातातून घेतली. इरकलीचा काठ बोटांमध्ये फिरवून बघितला, जसा दुकानात पोत बघतात तसा. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं तुझी गाठ सोडली, निपाणीच्या घराच्या किल्लीशेजारी गाडीची किल्ली ओवली, आणि पुन्हा गाठ मारली. जनावराला मारतात तशी, ओढली की घट्ट होणारी.

“आणलं की आक्कांनी,” म्हणाली, आणि माझ्या हातात ठेवली.

मग आम्ही चहा घेतला. मावशीनं विचारलं संमेलन कधी आहे. वाटेतच तर घर आहे, मलाही घेऊन चला, कथाकथन ऐकीन म्हणाली. मी बरं म्हटलं. तू बसायचीस ती जागा तिला देणार आहे. परिसंवादात तिला झोप लागते का ते बघतो आणि तुला सांगतो.

नव्या-जुन्याचा वाद आपण मिटवला नाही, तो मी आता एकट्यानं मिटवणार नाही. पण एक केलं. मागच्या सीटला नवीन कव्हर घालून घेतलं, तुझ्या आवडीचा गडद हिरवा रंग, आणि त्यावरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. नंदा म्हणते, बसणाऱ्याला घाम येईल. येऊ दे. निदान तो पहिला घाम असेल.

काल निपाणीला आलो. वंटमुरीच्या घाटात ट्रकसुद्धा मला मागं टाकून गेले, पण गाडी एकदाही बंद पडली नाही. रस्त्यात उंचवटा आला की तुझ्या घराची किल्ली गाडीच्या किल्लीवर आपटून वाजायची. संकेश्वरपर्यंत त्या आवाजाची सवय झाली. दारात गाडी लावली, घर उघडलं, खिडक्या उघडल्या, तुळशीला पाणी घातलं. परत निघायच्या आधी, गल्लीत कुणी नाही असं बघून, मी मागचं दार उघडलं आणि तुझ्या जागेवर जाऊन बसलो. प्लॅस्टिक करकरलं. मांडीवर पिशवी नव्हती म्हणून फाइल घेतली. दार आतून ओढलं. एका ओढीत लागलं.

तिथून रस्ता दिसत नाही, आक्का. पुढची काच सीटच्या आड जाते. बाजूच्या काचेतून जेमतेम तुझा उंबरा दिसतो. नीट दिसतं ते एकच, आरशात गाडी चालवणाऱ्याचं तोंड. पुढं कुणी बसलेलं नव्हतं म्हणून आरसा रिकामा होता. मग पुढं जाऊन बसलो आणि गाडी सुरू करायच्या आधी आरसा तुझ्या उंचीला लावून घेतला.